राजाचं मौन

"दार उघडणार नाही!"

वरच्या मजल्यावरून गर्जना झाली आणि खाली दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत तपासणीसाठी हेडफोन लावून बसलेल्या आजोबांनी झटकन बटण दाबलं.

"काय ऐकू आलं, आजोबा?" डॉक्टरने विचारलं. खरं तर त्या क्षणी मशीन गप्प होतं.

"कुणीतरी दार उघडत नाहीये," आजोबा म्हणाले. "उघड म्हणावं की त्याला. बाहेर बिचारं कोण ताटकळलंय कोण जाणे!"

ती कान-नाक-घशाची डॉक्टर. कानाच्या तपासणीला शांतता लागते आणि गेल्या काही दिवसांपासून तिच्या दवाखान्यात नेमकी तीच मिळत नव्हती. वरचं रिकामं गोदाम घरमालकाने कुठल्याशा नाटक मंडळीला तालमीसाठी दिलं होतं. आज मात्र हद्द झाली. तिने आजोबांना पाणी दिलं, पाच मिनिटं बसायला सांगितलं आणि लाकडी जिना धाडधाड चढून वर गेली.

गोदामात आठ-दहा माणसं अर्धगोल करून उभी होती. मधोमध एक उंच माणूस. पॅन्ट-शर्टावरून खांद्यावर पलंगपोस टाकलेला, कपाळावर ढकललेला मोठा मुखवटा... आणि मुखवट्याखाली दोन हसरे डोळे.

"तुमच्या राजवाड्याचं दार भक्कम असेल," ती म्हणाली, "पण आमचं छत पातळ आहे!"

राजाने कमरेतून वाकून नमस्कार केला.

"तक्रार मंजूर. शिक्षा काय?"

"आवाज कमी."

"राजाला हळू बोलता येत नाही हो."

"मग राजाला म्हणावं, दुसरीकडे जाऊन राज्य कर."

कोपऱ्यातले एक पांढऱ्या मिशांचे काका खो खो हसले. राजा पुन्हा काही बोलायला लागला, आणि ती एकदम थबकली. शब्दांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती ऐकत होती ते शब्दांच्या मागचं. रेशमी कापड खिळ्याला अडकून टर्रकन उसवावं, तसा तो आवाज मधूनच उसवत होता.

"थांबा. परत बोला."

"काय बोलू? तुमचे डोळे—"

"डोळे राहू द्या. 'आ' म्हणा."

त्याने सगळ्यांदेखत 'आ' म्हटलं. सगळे हसले. ती हसली नाही.

"आवाज कधीपासून बसलाय?"

"बसलाय कुठे? चांगला उभा आहे की!"

"वरच्या पट्टीत गेलात की मध्येच नुसती हवा निघते?"

आता त्याचंही हसू ओसरलं. "...कधी कधी."

"उद्या खाली दवाखान्यात या."

"हे बोलावणं समजू की हुकूम?"

"आलात तर बोलावणं," ती जिन्याकडे वळत म्हणाली, "नाही आलात तर हुकूम."

खाली पोचेपर्यंत आपण चक्क हसतोय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते आजोबांच्या. "उघडलं वाटतं दार!" ते म्हणाले.

*

तो आला. दिवसा तो एका शाळेत इतिहास शिकवायचा आणि उरलेला जीव नाटकात ओतायचा. हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रीक शोकांतिकांचं त्याला वेड. त्याच धर्तीवर त्याने स्वतः नाटक लिहिलं होतं. तोच बसवत होता, आणि त्यातला राजाही तोच.

तिने घशात दुर्बीण घातली. समोरच्या पडद्यावर त्याचे स्वरतंतू उमटले. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यातल्या एकीवर रक्ताचा टपोरा लाल फोड.

"हे काय? दिसायला बरंय," दुर्बीण निघाल्यावर तो म्हणाला.

"बरं नाहीये ते." तिचा स्वर एकदम कोरडा झाला. "ओरडून ओरडून रक्तवाहिनी फुटली आहे. अजून एकदा जोर पडला, तर तंतूवर कायमचा व्रण राहील. मग राजा सोडाच, वर्गात हजेरीसुद्धा घेता येणार नाही. आजपासून मौन. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही."

"हसायचंही नाही? मग तुम्हाला भेटून मी करू काय?"

"गप्प बसा."

"म्हणजे भेटायचं तर आहे!"

रोग्याला रागवायला ती एरवी कमी करत नसे. आज मात्र तिने उगाचच टेबलावरचा टॉर्च उचलला, चालू केला, बंद केला... आणि खाली ठेवला.

पुढचे दिवस विलक्षण गेले. त्याने शाळेत रजा टाकली, गळ्यात एक छोटी पाटी अडकवली आणि खडूने संसार सुरू केला. तालमी थांबवायला मात्र तो तयार नव्हता. राजाची वाक्यं पांढऱ्या मिशांचे काका वाचायचे, आणि तो नुसता हातवारे करून सगळ्यांना बसवायचा, उठवायचा. दवाखाना संपला की ती वर जायची. 'रोग्यावर लक्ष ठेवायला,' असं ती घरी आत्याला सांगायची. आत्या 'हो का' म्हणायची आणि त्या 'हो का'त बरंच काही असायचं.

नाटक तिला तिथेच कळलं. एका राजाने भावाला शहराबाहेर काढलेलं असतं. पुढे बाहेर वणवा लागतो आणि भाऊ आपली माणसं घेऊन वेशीशी येतो. राजाने देवासमोर शपथ घेतलेली, भाऊ गुडघ्यावर येईपर्यंत दार उघडणार नाही. मग सगळे येऊन राजाला विनवतात. सेनापती, पुजारी, गावातली म्हातारी माणसं. राजा हलत नाही. आणि त्याला ठाऊक नसतं, की त्याची लेक पाणी घेऊन चोरून बाहेर गेलेली आहे.

"उघडलं असतं दार तर काय बिघडलं असतं?" ती एकदा वैतागून म्हणाली. "दुष्टच आहे मेला!"

त्याने जोरजोरात मान हलवली. पाटीवर लिहिलं, 'दुष्ट नाही. शब्दाचा पक्का आहे. त्याचसाठी लोकांनी त्याला राजा केलं.'

"मग?"

'ज्या कण्यामुळे ताठ उभा आहे, तोच वाकत नाही म्हणून मोडतो.' त्याने पुसलं, पुन्हा लिहिलं. 'दार तो उघडतोच. पण उशिरा. शोकांतिका त्या उशिरात आहे.'

"एवढं कळतं तर त्याला वेळेवर शहाणा का करत नाही?"

'मग लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.'

तिला हसू फुटलं. त्यालाही. पण त्याला हसायची बंदी, म्हणून त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खांदे गदगदत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं... आणि तिने अभावितपणे त्याच्या हातावर हात ठेवला. "हळू... हळू," म्हणाली. हसणं केव्हाच थांबलं. हात मात्र कुणी काढला नाही. शेवटी काकांनीच खोकून पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

*

प्रयोग चार-पाच दिवसांवर आला, तेव्हा तिने पुन्हा तपासलं. फोड निम्म्याने आटला होता. निम्मा होता.

"प्रयोग करता येणार नाही," ती म्हणाली.

त्याने पाटीवर लिहिलं, 'एकच करतो. मग वर्षभर मौन.'

"एकही नाही. काकांना करू दे. त्यांना सगळं तोंडपाठ झालंय. मागे कितीतरी वर्षं राजांच्या भूमिका तेच करायचे ना?"

'काका थकलेत.'

"काका नाही थकले. तुम्हाला राजा सोडायचा नाहीये."

खडू थांबला. त्याने पाटी गळ्यातून काढली, टेबलावर पालथी ठेवली... आणि बोलला. इतक्या दिवसांनी.

"माझं नाटक आहे ते. मी शब्द दिलाय मंडळीला."

आवाज खरखरीत होता, पण त्याने तिला भीती वाटली नाही. भीती वाटली ती त्याच्या चेहऱ्याची. वरच्या मजल्यावर राजाच्या मुखवट्यावर रोज जो चेहरा दिसायचा, तोच आता मुखवट्याशिवाय समोर बसला होता.

"बोलू नका! वेडे आहात का?"

"तुम्ही मला काळजीपोटी अडवताय, की जिंकायचंय म्हणून?"

घाव वर्मी बसला. ती ताडकन उठली. "तसं समजा. एकच सांगते. तुम्ही त्या स्टेजवर चढलात, तर या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नका. मी तुमचा घसा बघणार नाही. आणि तुम्हालाही."

"ही शपथ?"

"हो. शपथच."

काहीतरी बोलायचं होतं त्याला... ओठ हललेही. मग तो निघून गेला. पाटी टेबलावरच राहिली. ती परत द्यायला जाणं तिला दहादा सुचलं आणि दहाही वेळा तिने स्वतःला खुर्चीत दाबून बसवलं.

वरून आता फक्त पावलं ऐकू यायची. ही काकांची, घासत चालणारी. ही त्याची, लांब लांब. राजाची वाक्यं कोण म्हणतंय ते मात्र कळायचं नाही, कारण नेमक्या तालमीच्या वेळी ती नळ सोडून हात धूत उभी राहायची. हात धुऊन धुऊन कातडी निघायची वेळ आली.

*

प्रयोगाच्या दिवशी दुपारी घरी आत्या शेंगा सोलत बसली होती. आई लहानपणीच गेल्यावर हिला आत्यानेच वाढवलेलं, त्यामुळे तिच्या जिभेला कुलूप घालायची कुणाची छाती नव्हती.

"जाणार नाहीस ना?"

"नाही. सांगितलंय मी त्याला."

"छान. राजा एक, राणी दुसरी. दारं दोन्हीकडून बंद. मधल्या माणसांनी जळून जावं."

"आत्या, त्याला कळायला नको? आवाज जाईल त्याचा!"

"जाईल. मग तू घरी बसून काय करणार आहेस? बरोबर ठरणार आहेस?" आत्याने शेंग खाली ठेवली. "तुझे बाबाही ऐकत नव्हते. घसा दुखतोय तर डॉक्टरकडे जा, म्हणून मागे लागलीस. ते जाईनात. मग तू म्हणालीस, 'जाल तेव्हाच बोलेन.' आणि दोघं एका घरात राहून मुके झालात."

"आत्या, नको..."

"पुढे आजाराने त्यांचा आवाज गेला, त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण त्याआधीचे दिवस होते ना गं हातात? ते कुणी घालवले? ते एकट्याने नाही घालवले, पोरी."

बाबांमुळेच ती घशाची डॉक्टर झाली होती, हे ती सगळ्यांना सांगायची. ही दुसरी गोष्ट मात्र तिने कधीच कुणाला सांगितली नव्हती. खिडकीबाहेर बारीक भुरभुर सुरू झाली होती. ती एकदम उठली आणि पायांत चपला सरकवल्या.

"छत्री घे," आत्या म्हणाली.

"वेळ नाही!"

*

ती थिएटरवर पोचली तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. दारावरचा माणूस मान हलवत होता. "सुरू झालं, ताई. आता मध्यंतराला."

"मी डॉक्टर आहे," ती धापा टाकत म्हणाली. "आत माझा रोगी आहे."

तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि चेहरा असा झाला होता, की रोगी नेमका कोण, असा प्रश्न त्या माणसाला पडला असावा. त्याने दार उघडलं.

आत काळोख. स्टेजवर तांबूस उजेड, आणि त्यात मुखवटे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर मुखवटे! उजवीकडे गावातल्या म्हाताऱ्यांचा घोळका, सगळ्यांचे झगे राखाडी. मध्ये, उंच चौथऱ्यावर, लाल झग्यातला राजा पाठ करून उभा. ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी राहिली. अजून इतकी धाप लागलेली होती की पुढच्या माणसाने वळून पाहिलं.

सेनापती विनवून थकला. राजा वळला. त्याने हात उचलला. तिने डोळे गच्च मिटले. आता ते वाक्य. आता तो सगळा जोर लावणार, तो लाल फोड फुटणार, आणि ते इथे तिच्याशिवाय कुणालाही ऐकू येणार नाही...

"दार उघडणार नाही."

गर्जना नव्हतीच ती. खोल, सावकाश, म्हातारा आवाज. गुडघे दुखत असतानाही उभ्या राहिलेल्या माणसाचा. तिने खाडकन डोळे उघडले.

काका!

राजा काका होते. आणि काय राजा होता तो! हा आवाज ओरडला असता तर लोक घाबरले असते. तो ओरडत नव्हता म्हणून लोक श्वास रोखून बसले होते. तिला हुंदका आला. तिने ओढणी तोंडात कोंबली. तो नाही. तो स्टेजवर नाही... आणि दुसऱ्याच क्षणी नवी धास्ती. मग तो आहे कुठे? घरी बसलाय? रागावून निघून गेलाय? नाटक सोडून?

घोळक्याची वेळ झाली. ते सगळे म्हातारे एका सुरात बोलायचे, आणि बोलण्याआधी सगळे एकदम श्वास घ्यायचे. सगळ्यांचे खांदे वर उचलले गेले...

एकाचे नाही.

अगदी कडेला, मागच्या ओळीत, एक उंच म्हातारा राखाडी झग्यात उभा होता. बाकीचे बोलले. तो बोलला नाही. पुन्हा सगळ्यांनी श्वास भरला. त्याचे खांदे तसेच, शांत. ज्याचं नाटक, ज्याचा राजा, तो आज गर्दीतला शेवटचा मुका माणूस होऊन उभा होता. आणि मन लावून उभा होता. जणू तीच मुख्य भूमिका.

पुढचं नाटक तिने पाहिलं की नाही, ते तिलाही सांगता येणार नाही. शेवटी राजा दार उघडायला धावला आणि सगळं प्रेक्षागृह पुटपुटलं, 'उशीर झाला रे...' तेव्हा ती मात्र अंधारात त्या एका राखाडी झग्याकडे बघत होती.

*

पडदा पडला. ती विंगेत घुसली. काका मुखवटा काढून घाम पुसत होते.

"आज सकाळी त्याने हा मुखवटा माझ्या हातात दिला," ते म्हणाले. "मला वाटलं धूळ पुसायला दिलाय! पुसून परत द्यायला गेलो तर घेईना. हात जोडून उभा राहिला. कधीकाळी माझाच होता हो राजा... मीच म्हातारा झालो म्हणून याने घेतला. आणि बघा, आज..." त्यांनी मिशीआडून नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

तो एका खोक्यावर बसला होता. तिला पाहून उभा राहिला. मुखवटा काढलेला, कपाळावर त्याचा वळ उमटलेला. बोलता येत नव्हतं आणि पाटीही जवळ नव्हती. त्याने नुसते हात पसरले. बघा, काहीच उरलं नाही माझ्याकडे.

"मी हरले म्हणायला आले होते," ती म्हणाली. शब्द अडखळत होते. "भर पावसात, धावत. आणि तुम्ही माझ्याआधीच हरून बसलात! निदान... निदान यात तरी मला जिंकू द्यायचं होतं."

त्याचे ओठ हसले.

"हसू नका. ऐका. तुम्ही विचारलं होतंत, काळजी की जिंकणं. दोन्ही होतं. जिंकायचंही होतं मला. पण आज दार ओलांडून आत येताना वाटलं, तुमचा आवाज गेलेला असला तरी चालेल... नाही, चालणार नाही, डॉक्टर आहे मी, मुळीच चालणार नाही! पण तरी मी येणार होते. आवाज असो, नसो. कळतंय का मी काय म्हणतेय?"

त्याने मान हलवली. नाही.

"कळत नाही?"

त्याने पुन्हा मान हलवली. डोळ्यांत खट्याळपणा काठोकाठ. नाही, मुळीच कळलं नाही.

"मला तुम्ही आवडता!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने, की स्टेजवर सामान उचलणारी सगळी मंडळी जागच्या जागी थांबली. काका म्हणाले, "घसा सांभाळा, डॉक्टर."

तिचे कान लालबुंद झाले. त्याने पुढे होऊन तिच्या ओल्या केसांवर आपल्या राखाडी झग्याचं टोक पांघरलं, आणि अगदी हळू, काचेचं भांडं पुसावं तसं, पुसायला लागला.

*

उरलेला फोड शस्त्रक्रियेने काढावा लागला. ती तिने केली नाही. "माझे हात थरथरतील," तिने शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या आपल्या सरांना सांगितलं, आणि सरांनी चष्म्यावरून पाहून जे समजायचं ते समजून घेतलं. एक बारीकसा व्रण राहिला. वरची पट्टी आता पूर्वीसारखी लागणार नाही, सर म्हणाले. वर्गात शिकवता येईल, गप्पा मारता येतील, भांडताही येईल. गर्जना मात्र विसरा. त्याने ते ऐकून घेतलं. थोडा वेळ खिडकीकडे बघत बसला, तेव्हा ती त्याच्या शेजारी नुसती बसून राहिली. काही समजावलं नाही.

मौन संपायचा दिवस उजाडला. दवाखान्यात सकाळचं ऊन आलं होतं. ती समोर बसली, अगदी डॉक्टरसारखी ताठ. त्याच्या गळ्यावर दोन बोटं अलगद टेकवली.

"घाई नको. जोर नको. आज वाक्य नाही, शब्दही नाही. एक अक्षर. फक्त एक. कुठलंही."

त्याने मान डोलावली. आणि विचार करायला लागला. एवढा वेळ, की तिला धाकधूक व्हायला लागली. जमत नाहीये का याला? दुखतंय का? बोटांखाली त्याची नस संथ चालली होती. त्याने एकदा ओठ उघडले, मिटले. तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तू," तो म्हणाला.

जरा घोगरा, जरा खरखरीत, पण सलग. कुठेही न उसवलेला. आजवर दोघांमध्ये पाटीवरसुद्धा 'तुम्ही'च होतं.

खरं तर तिने आवाजाची पट्टी तपासायला हवी होती. श्वास कुठे सुटतोय ते बघायला हवं होतं. तिला काहीच दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.